धूर उजवीकडे, झेंडा डावीकडे

पार्सल परत आलं तेव्हा मला आधी माझंच अक्षर ओळखू आलं नाही. पोस्टमन धोंडू पायरीवर उभा होता. "वहिनी, तुमचंच तुम्हाला," म्हणाला, "जग फिरून आलंय, पाय धुवायला पाणी द्या त्याला." मी सही केली. कापड चहाच्या फडक्यासारखं झालेलं, लाखेचे शिक्के अर्धे झडलेले, आणि माझ्या गोल अक्षरातल्या पत्त्यावर कुणीतरी जांभळा शिक्का तिरका हाणलेला : या नावाचं इथं कोणी नाही. अकरा महिने. पोर पोटात असतं त्याहून दोन जास्त. मी ते उचललं आणि आधी त्याचा वास घेतला, का कोण जाणे. डिंकाचा आणि कुठल्याशा मोठ्या बंद खोलीचा वास होता. अमेरिकेचा म्हणावा असा काही नव्हता.

ते टेबलावर ठेवून कॉम्प्युटरकडे बघितलं तर सकाळपासूनची पिवळी ओळ तशीच. पिवळी म्हणजे थांबवलेली ऑर्डर. कॉम्प्युटरवरच्या आमच्या चित्रांच्या दुकानाचे कार्डावरचे पैसे मुंबईतली एक कंपनी गोळा करते. तिला एखाद्या गिऱ्हाइकाचा संशय आला की ती त्याला पिवळं फासून माझ्या दारात आणून बसवते : घ्यायचं की परतवायचं ते संध्याकाळी पाचच्या आत तुम्हीच ठरवा. हो म्हटलं आणि कार्ड चोरीचं निघालं तर पैसे माघारी जातात, चित्रही जातं. पण आमचं एवढ्यावर भागणार नव्हतं. गेल्या जुलैत एकदा तसं होऊन गेलेलं. पुन्हा झालं तर खातं बंद, असं कंपनीनं इंग्रजीत, फार नम्रपणे कळवलेलं होतं. खातं बंद म्हणजे दुकान बंद. आणि दुकान बंद म्हणजे इथं रत्नागिरीत, राजिवड्यात आपल्या ओटीवर हुसेनचाचा रिकाम्या हातांनी बसणार, आणि त्यांच्या डोळ्यांत जो काय थोडा उजेड उरलाय तो समोरच्या दगडी गडग्याकडे बघण्यात खर्च करणार. पिवळ्या ओळीतलं चित्र त्यांनीच काढलेलं होतं. पार्सलमधलंही.

दुकान म्हणजे काय, तर माझ्या टायपिंग क्लासची पुढची खोली. एके काळी तिथं सोळा मशिनं एकदम वाजायची आणि रस्त्यावरचे लोक म्हणायचे, राहीबाईंच्या पत्र्यावर पाऊस कोसळतोय. मग कॉम्प्युटर आले आणि मुली एकेक करून गळल्या. ज्यानं घर बुडवलं त्यालाच जावई करून घ्यावा तसा मी एक कॉम्प्युटर आणला. मॅट्रिकच्या पुढं मला कोणी शिकवलेलं नाही. एफ-वन नावाचं बटण दाबलं की तो स्वतःच स्वतःला समजावून सांगतो, तेवढे माझे गुरुजी. आमचे हे लोट्याला केमिकलच्या कंपनीत. शनिवारी येतात, रविवारी झोपतात, सोमवारी अंधारात जातात. त्यांना वाटायचं मी त्यावर पत्ते खेळते. थोडे दिवस खेळलेही. आणि एका दुपारी हुसेनचाचा आले, पेन्शनच्या अर्जाचं पत्र टाइप करून घ्यायला. चाळीस वर्षं आगबोटींवर, आधी खलाशी आणि मग सारंग, म्हणजे खलाश्यांचा मुकादम. पत्र मी कधीच विसरले. लक्षात राहिला तो त्यांच्या हातातल्या पाकिटाच्या मागं काढलेला जहाजाचा पाठमोरा भाग. पाठमोरं जहाज कुणी काढत नाही. ते म्हणाले, "सोडून जाताना तसंच दिसतं गो." घरी त्यांच्याकडे अशी चाळीसेक जहाजं होती. मिरकरवाड्यात होड्या बांधतात तिथल्या प्लायवूडच्या तुकड्यांवर, होड्यांनाच लावतात त्या डब्यातल्या रंगानं काढलेली. जाड थर देतात ते. डोळे मिटून बोट फिरवलं तरी लाट हाताला लागते. ती विकायला म्हणून मी कॉम्प्युटरवर दुकान मांडलं.

त्या सगळ्यांत एकच चित्र वेगळं होतं. जहाजाच्या कठड्याशी पांढरी ओढणी घेतलेली ताजबीचाची उभी, हातात चहाची किटली. ताजबीचाची म्हणजे त्यांची बायको. जन्मात कधी जहाजावर चढली नाही. भाट्याच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा तरीतून पलीकडे जाताना सुद्धा ओकायची. "मला न विचारता बोटीवर चढवलंन," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि चित्र पुसायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. ते विकायचं नव्हतं. पण दुकान सुरू होऊन चार महिने काही खपलं नाही तेव्हा चाचांनी ते स्वतःच आणून दिलं. म्हणाले, गळाला आधी चांगला मासा लावल्याशिवाय मोठा येत नाय.

आणि आला. गेल्या एप्रिलमध्ये, सकाळी अकरा वाजता, पहिली ऑर्डर. कार्ड अमेरिकेतल्या कुणा डोरोथीबाईंचं, चित्र पोचवायचं भलत्याच गावात, भलत्याच नावानं. आज मी तेवढ्यावरून खुर्चीतून उठेन. पण तेव्हा मला त्यात वावगं काही दिसलंच नाही, आणि ती चूक रत्नागिरीतल्या माणसाचीच होय. इथं पैसा कधी ज्याचा त्याच्या नावानं आलाय? कुवेतहून भाऊ धाडतो तो मित्राच्या नावानं, घेते मेव्हणी, आणि घर बांधून होतं ते चुलत्याचं. राजिवड्यात एकाच्या नावाचे पैसे दुसऱ्याच्या दारात तिसऱ्याच्या हातानं पोचतात आणि पै इकडची तिकडं होत नाही. मी म्हटलं, असेल बाई कुणाची मावशी. चाचांनी स्वतः पार्सल शिवलं, शिडाच्या दोऱ्यानं, आणि कोपऱ्यात आपली ती बोटीवरची गाठ मारली. मी समुद्रमार्गानं पाठवलं. त्या गिऱ्हाइकानं कसं पाठवा तेही निवडलेलं नव्हतं. फॉर्मवर जिथं आधीपासून खूण होती ती तशीच राहू दिलेली. किंमत विचारली नाही, रंग विचारला नाही, ही बाई कोण म्हणून विचारलं नाही. मांडवीच्या बाजारात सौंदाळा घेणारी सुद्धा आधी माशाचे कान वर करून बघते, दोन शब्द वाईट बोलते, मग घेते. मी मात्र मूर्खासारखी म्हणाले, काय सज्जन माणसं.

जुलैत पत्र आलं. डोरोथीबाईंनी कळवलं होतं की त्यांनी असं काहीही घेतलेलं नाही. त्यांचे पैसे परत गेले, आमच्या खात्यातून. नंतर मी महिनाभर वाचत बसले, एफ-वनच्या पलीकडचं. चोरांकडे म्हणे कार्डांचे नंबर पोत्यांनी येतात. त्यातलं जिवंत कुठलं आणि मेलेलं कुठलं हे बघायला ते असं एखादं बारकं, राखण नसलेलं दुकान शोधतात आणि काहीतरी घेतात. पैसे वळते झाले की कार्ड जिवंत. मग मोठ्या दुकानात जातात. पत्ता कुठलाही घालतात. म्हणजे त्याला चित्र नकोच होतं. आंबा पिकलाय का बघायला कुणी बोटानं दाबावा आणि पेटीत टाकून पुढं जावं, तसं ताजबीचाचीला दाबून तो पुढं गेला. चोरी झाल्याचं मला तेवढं लागलं नाही. चोरानं बघितलं पण नाही, हे लागलं. मग मी पुठ्ठ्यावर नियम लिहून कॉम्प्युटरच्या डोक्यावर टांगले. नाव आणि पत्ता जुळत नसेल तर नाही, काही न विचारता घेतलं तर नाही, फोन लागला नाही तर नाही. टायपिंगच्या परीक्षेला मुलींना सांगायचे तसंच झालं ते, हे करू नका, ते करू नका. आठ महिन्यांत मी सात गिऱ्हाइकं परतवली आणि चौघांना चित्रं पाठवली. त्या सातांत चोर किती होते, कोण सांगणार. डोरोथीबाईंचा मात्र मी पुष्कळदा विचार केला. कुठल्याशा लांबच्या घरात एक बाई चष्मा लावून हिशेबाचा कागद वाचतेय आणि त्यात लिहिलंय, रत्नागिरी. आमच्या दोघींच्या घरात एकच माणूस शिरून गेला.

हे सगळं हुसेनचाचांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्यांचा वाटा मी आधीच दिलेला होता, तो मागायचा प्रश्नच नव्हता. पण जुलैतल्या त्या गुरुवारी ते पायरीवर छत्री झटकत म्हणाले, "पोचलं काय गो?" आणि मी म्हटलं, "पोचलं." "लावलंनीत?" "लावलं. जेवणाच्या खोलीत." झालं. त्यानंतर दर गुरुवारी ते दोरतबाईची खुशाली विचारायचे आणि मी द्यायची. तिच्याकडे बर्फ पडला. तिच्या मुलीनं विचारलं, किटलीत काय आहे. एकदा त्यांनी तिच्यासाठी सुकट पाठवायचं काढलं तेव्हा मी अमेरिकेत सुकटीला बंदी आणली. आणि त्या भिंतीच्या जोरावर चाचांनी आठ नवी चित्रं काढली, डोळ्यांतला काचबिंदू वाढत असताना. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर येणार नाही, आहे ती जाऊ नये एवढं बघू. मग कुठल्या गुरुवारी सांगणार? गुरुवार एकेक करून गेले.

आणि आजही गुरुवारच. म्हणजे दुपारची जोहरची नमाज झाली की ते येणार. मी पार्सल कपाटात ठेवायला उचललं आणि परत टेबलावर ठेवलं. त्यांना आता एवढं दिसत नाही, असं मनात आलं, आणि आलं त्याची लाज वाटली, आणि तरी मी ते हलवलं नाही.

"काय गो राही, जेवलीस?" काठी आधी आली, मग चाचा.

"बसा. चहा टाकते. तुमच्या 'दिलावरी'च्या चित्राला गिऱ्हाईक आलंय."

"बसऱ्याच्या वाटेवरची? मग कपाळाला आठी कशाला? आवाजात आठी दिसते मला तुझ्या."

मी सांगितलं. कार्ड आखातातल्या कुणा मॅथ्यूचं. चित्र जायचं मुंब्र्याला, इस्माईल काझींच्या पत्त्यावर. ई-मेल समरीन या नावाचा. फोन लागत नाही. पाचपर्यंत मुदत. "तीन माणसं, तीन नावं, चाचा. माझ्या नियमात हा चोर."

"मग आमचा राजिवडा सगळाच चोर. माझ्या घरावरची कौलं बोटीवर रांधणाऱ्या एका मंगळुरी बबर्च्याच्या नावानं आलेल्या पैशांची हायत."

"तसंच धरून चालले म्हणून तर—" मी जीभ चावली.

"म्हणून तर काय?"

"काही नाही. कसं ओळखायचं सांगा."

त्यांनी काठी दोन गुडघ्यांत धरली. "विचारलंस काय त्याला, कोणाचा म्हणून?"

"चाचा, कॉम्प्युटरवर असं विचारत नाहीत."

"कशाला नाय? तांडेल होडीवर नवा माणूस घेतो तो काय कागद बघून घेतो? विचारतो, कोणाचा? खोटा असेल तो एक नाव सांगतो आणि गप उभा राहतो. खरा असेल तो बापाचं सांगतो, आजाचं सांगतो, मामाशी भांडण कशावरून झालं ते पण सांगतो. थांब म्हटलं तरी थांबत नाय."

मी पुठ्ठ्याकडे बघितलं. एवढे नियम लिहिले, त्यात सगळे नाही होते; विचारायचा एकही नव्हता. आमच्या गावात पोरगं रांगायला लागलं की त्याला पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि मी जगाला दार उघडताना तोच आत ठेवून आले. मी लिहिलं : नमस्कार. तुमची ऑर्डर मिळाली. पाठवण्याआधी विचारते, रागावू नका. तुम्ही कोणाचे? आणि हेच चित्र का? पाठवलं, आणि पाच मिनिटांनी दोन वाजले नि वीज गेली. दोन ते चार भारनियमन, मार्च लागला की रोजचंच. पंखा दमत दमत थांबला. उन्हासाठी खिडक्या लावलेल्या, खोलीत तपकिरी अंधार झाला.

"आता आपण दोघं सारखी," चाचा म्हणाले, आणि चहासाठी त्यांनी टेबलावर हात सरकवला. तो पार्सलला लागला. "ह्ये काय?"

"पुस्तकं. टायपिंगची." किती चटकन आलं ते.

बोटं थांबली नाहीत. कापडावरून शिवणीवर गेली, शिवणीवरून कोपऱ्यात, आणि गाठीवर येऊन बसली. मला वाटतं ती तिथं फार वेळ बसली होती. बाहेर एक रिक्षा आली, वळली, गेली. लहानपणी आईच्या डब्यातला गूळ खाताना पकडले गेले होते तेव्हाची गोडी माझ्या तोंडात आली.

"ही गाठ रत्नागिरीत दोघांना यायची," ते म्हणाले. "एक मी. दुसरा जयगडचा, तो वारला." मग गाठीभोवती बोट फिरवलं. "सुटलेली नाय. दोरतबाईनं पार्सल न सोडताच चित्र भिंतीला लावलंन काय गो?"

मग मी सांगितलं. सगळं, एप्रिलपासून. रडत नाही मी सहसा, तेव्हाही नाही रडले. पण टायपिंगच्या धड्यासारखं एका चालीत बोलत गेले, कुठं थांबले तर बोट चुकेल म्हणून. बर्फ खोटा, मुलगी खोटी, जेवणाची खोली खोटी. डोरोथीबाई तेवढ्या खऱ्या, आणि त्यांनाही लुटलेलं.

ते ऐकत होते, हात गाठीवर तसाच. "आठ चित्रं काढली मी," शेवटी म्हणाले, "त्या भिंतीच्या भरवशावर."

"हो."

"दिसत नव्हतं नीट, तरी काढली. म्हटलं, तिकडं कोणतरी बघतंय."

चहावर साय धरली होती. ते म्हणाले, "शिक्के असतील ना त्यावर? वाच."

मी खिडकीची एक फळी किलकिली केली आणि उजेडाच्या पट्टीत पार्सल फिरवत वाचायला लागले. रत्नागिरी. मुंबई. न्यूयॉर्क. मग ते पत्त्याचं गाव. मग परत न्यूयॉर्क. मग कुणाच्या तरी चुकीनं मनिला.

"मनिला?" चाचांची मान वर झाली. "मनिलाला मी पण नाय पोचलो कधी. आमची बोट दोनदा तिकडं जाणार होती नि दोन्ही वेळा फिरली." ते हसले असं मला वाटलं, पण अंधार होता. "घरी सांगू नको हो. ती म्हणेल, एवढी लांब गेले होते तर परत कशाला आणलंत. माझ्याशी खोटं बोलायची तुझी पाळी झाली, आता तिच्याशी माझी."

"चाचा, मी पुन्हा—"

"गप बस. साखर घाल त्यात अजून."

मी साखर घातली. त्यांनी माफ केलं का, हे मला समजलं नाही. अजून समजलेलं नाही. काही माणसं माफ करत नाहीत, नुसती दर गुरुवारी येत राहतात.

चारला पंखा कुरकुरला आणि कॉम्प्युटरनं जागं व्हायला नेहमीसारखी आपली ती दहा मिनिटं घेतली. उत्तर येऊन पडलेलं होतं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, एवढं लांब की मला दोनदा खाली सरकवावं लागलं. मी मोठ्यानं वाचलं. "राही मॅडम, कोणाचा विचारलंत म्हणून सांगतो, आमच्याकडे फोनवर पण असं कोणी विचारत नाही आता. मी अद्नान, इस्माईल काझींचा धाकटा. आमचं मूळ जयगडच्या बाजूचं, अब्बांचं काकांशी विहिरीवरून वाजलं म्हणून मुंब्र्याला गेलो. काका अजून बोलत नाही. अब्बा असल्याच बोटीवर इंजिनात होते. त्यांना आता चालवत नाही, पलंगासमोर लावायला पाहिजे. कार्ड माझ्या फोरमनचं आहे, मॅथ्यूसाहेबांचं, माझं कार्ड कॉम्प्युटर घेत नाही, त्यांना मी रोख दिलेत. त्यांचं पत्र खाली जोडलंय, फोन नंबर पण. समरीन माझी मुलगी, ई-मेल तिनं काढून दिला—"

"बघ," चाचा म्हणाले. "मामाच्या जागी काका निघाला, एवढंच."

"अजून आहे. 'किंमत जरा जास्त वाटते. आणि एक. झेंडा चुकलाय. मी इथं आखातात बंदरावर क्रेन चालवतो, दिवसभर झेंडे बघूनच वारा ओळखायचा असतो. धूर उजवीकडे जातोय आणि झेंडा डावीकडे. एका वाऱ्यात दोन्ही कसं होईल? अब्बा पहिलं तेच बोलतील. दुरुस्त झाला तर बघा. नाहीतर असंच पाठवा, आम्हाला आवडलंय.'"

चाचा उठून उभे राहिले. काठी पडली. "झेंडा चुकलाय? चाळीस वर्षं मी त्या झेंड्याखाली उभा राहिलो. पोरगा कालचा, क्रेनवर बसून मला वारा शिकवतो? काढ ते चित्र. बघ तू. धूर कुठं जातो?"

मी 'दिलावरी' भिंतीवरून काढून खिडकीत नेली. सहा महिने ती माझ्यासमोर टांगलेली होती. मीच तिचा फोटो काढला, मीच मापं घेतली, वर्णन लिहिलं. हजार वेळा बघितली आणि एकदाही बघितली नव्हती. चोरात आणि माझ्यात तेवढ्यापुरता काही फरक नव्हता. धूर दाट, काळा, एका हातानं सलग ओढलेला. झेंडा नंतरचा, बारीक, काठाशी थरथरलेला. ज्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आहे ती जाऊ नये एवढं बघू, त्या महिन्यातला.

"उजवीकडं," मी म्हटलं.

"आणि झेंडा?"

त्यांचा चेहरा माझ्या आवाजाकडे वळलेला होता, जरासा बाजूला, मी जिथं नव्हते तिथं बघत. उजवीकडं म्हणणं किती सोपं होतं. शब्द तोंडात तयार होता, जेवणाच्या खोलीसारखा, बर्फासारखा. घड्याळात पाचला वीस मिनिटं होती.

"डावीकडं, चाचा."

त्यांनी हात पुढं केला, खुर्ची शोधली, बसले.

"मॅथ्यूला फोन लाव," म्हणाले. मी लावला. दोन वाक्यांत तो हो म्हणाला आणि अद्नानची चौकशी करणारे आम्ही कोण, असं उलट त्यानंच मला विचारलं. मी 'घ्यायची' वर बोट दाबलं आणि पिवळी ओळ हिरवी झाली.

"लिही त्याला, आठ दिवस लागतील. किंमत आहे तीच. घासाघीस करतो, बरा माणूस हाय." मग त्यांनी चित्र मांडीवर घेतलं. "कपाटात मी ठेवलेला पांढरा रंग हाय ना? आणि ती बारकी कुंचली." बोटं प्लायवूडच्या कडेवरून आत आली, लाटांवरून चढली, जहाजाच्या काळ्या पाठीवर चाचपडली आणि थांबली. धुराचा थर त्यांना लागला. झेंड्याचा लागत नव्हता. तो फार पातळ दिला होता.

"राही," ते म्हणाले, "माझं बोट ठेव त्याच्यावर."

मी त्यांचं बोट धरलं आणि झेंड्यावर नेऊन ठेवलं.